स्त्रीवेश, त्वचा आणि वॅक्सिंग

पुरुषाने स्त्रीवेश धारण करण्याची परंपरा मराठी रंगभूमीइतकीच जुनी आहे आणि तिच्याविषयी मराठीत विपुल लेखनही झाले आहे; परंतु शालू, दागिने, केशरचना आणि चाल यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या वेशाखालच्या त्वचेची झाली नाही. क्रॉसड्रेसर, म्हणजे जन्मतः पुरुष मानली गेलेली आणि प्रसंगी किंवा नियमितपणे स्त्रीवेश करणारी व्यक्ती, हिच्या दृष्टीने अंगावरील केस काढणे हा वेशाचा पायाच असतो. त्यातही वॅक्सिंगचे, म्हणजे चिकट कोमट लेप लावून तो पट्टीसह ओढताना केस मुळासकट उपटण्याच्या पद्धतीचे, या आयुष्यातील स्थान वेगळे आहे, कारण साडी रात्री घडी घालून कपाटात ठेवता येते, पण वॅक्स केलेली त्वचा तीन-चार आठवडे तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्ट-पँटमध्येही ती सोबत असते.

संगीत नाटकाच्या काळात हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा किंवा बालगंधर्वांची ‘मानापमान’मधील भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू (१९१९) या भूमिका ज्या वेशात उभ्या राहिल्या, त्यात नऊवारीने पाय झाकलेले असत, पोलक्याच्या बाह्या दंड झाकत आणि प्रेक्षक दूर बसलेला असे, त्यामुळे दाढी गुळगुळीत करून रंग लावला की बराचसा कार्यभाग साधत असे. चित्रपटाने हे अंतर कमी केले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, आणि त्या काळात वडिलांच्या निधनानंतरच मिशी उतरवण्याची रीत असल्याने स्त्रीपात्रांसाठी मिशी काढायला नट तयार होत नसत, असे सांगितले जाते. केस काढणे म्हणजे केवळ रूप बदलणे नव्हे, तर पुरुष म्हणून मिळालेल्या सामाजिक स्थानाला हात लावणे, ही समजूत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

आज स्त्रीवेशासाठी लागणाऱ्या साहित्याचा पुण्यातील एक मोठा बाजार मंडईच्या शेजारी, तुळशीबागेत आहे. १८८६ मध्ये उभी राहिलेली मंडईची इमारत, १९१५ मध्ये तिच्या परिसरात सुरू झालेले ‘आर्यन’ हे शहरातील पहिले चित्रपटगृह आणि पलीकडची तुळशीबाग यांमुळे भाजी, करमणूक आणि शृंगार या तिन्ही गोष्टी येथे हाकेच्या अंतरावर आल्या. तुळशीबागेच्या गल्ल्यांत टिकल्या, गंगावने आणि बांगड्यांबरोबर वॅक्सचे डबे, पट्ट्यांची पाकिटे आणि लेप पसरवण्याच्या लाकडी पट्ट्याही मिळतात. पुरुषाच्या रुंद पंजातून दोन-सहाची बांगडी सहसा जात नाही, दोन-दहाची लागते. तो माप सांगताना बहुधा बहिणीचे किंवा बायकोचे नाव पुढे करतो आणि दुकानदारही पुढे काही विचारत नाही. गर्दीच्या बाजारात मिळणारा हा आडोसा पार्लरच्या खुर्चीवर मात्र मिळत नाही, कारण तेथे वस्तूऐवजी स्वतःचे अंग पुढे करावे लागते.

पुरुषाच्या अंगावरील केसांचे स्वरूप हार्मोनवर अवलंबून असते. बालपणी सर्वांच्याच अंगावर बारीक, मऊ लव असते; वयात येताना अँड्रोजेन या गटातील हार्मोनच्या प्रभावाने छाती, पोट, पाय आणि हात यांवरील लवेचे जाड, काळ्या आणि खोल मुळांच्या केसांत रूपांतर होते. खोल मूळ असलेला केस ओढताना वेदना अधिक होतात, रक्ताचे बारीक ठिपके दिसू शकतात आणि पहिल्या वेळी त्वचा अधिक लाल होते. शिवाय प्रत्येक केस वाढीच्या, संक्रमणाच्या आणि विश्रांतीच्या अवस्थेतून जातो आणि सगळे केस एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. त्यामुळे एकदा वॅक्स केल्यानंतर आठ-दहा दिवसांत काही नवे केस वर आले तर काम वाईट झाले असे समजण्याचे कारण नाही.

वॅक्सची पट्टी केसाला पकडण्यासाठी केस साधारण पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर, वाढलेला असावा लागतो, आणि क्रॉसड्रेसरची खरी अडचण येथेच सुरू होते. वस्तऱ्याने एका रात्रीत, कुणाच्याही मदतीशिवाय काम होते, परंतु दोन-तीन दिवसांत खुंट टोचू लागतात. वॅक्सने आठवडे निभावतात, पण त्याआधी केस वाढू द्यावे लागतात आणि त्या काळात बिनबाह्यांचे ब्लाउज किंवा गुडघ्यापर्यंतचा झगा मनासारखा घालता येत नाही. म्हणून अनेक जण पँटखाली झाकले जाणारे पाय आधी करून घेतात आणि हातांचा निर्णय लांबवतात, कारण गुळगुळीत हात कार्यालयात आणि घरी लगेच नजरेत भरतात. मग उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट येतात, नाहीतर पोहण्याचे किंवा व्यायामशाळेचे निमित्त सांगितले जाते.

प्रत्यक्ष कृती साधी असली तरी तिच्यात कसब आहे. त्वचा कोरडी करून पावडर लावली जाते, वॅक्सची उष्णता आधी मनगटाच्या आतल्या बाजूस तपासली जाते, लेप केसांच्या वाढीच्या दिशेने पातळ पसरला जातो, त्यावर पट्टी दाबली जाते आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरून पट्टी उलट दिशेने, वर न उचलता त्वचेला समांतर ओढली जाते. पट्टी वर उचलली तर केस मध्येच तुटतो आणि पुढे त्वचेतच वळून वाढतो. काखेसारख्या नाजूक जागी पट्टीऐवजी हार्ड वॅक्स, म्हणजे थंड झाल्यावर घट्ट होणारा आणि पट्टीशिवाय ओढून काढता येणारा लेप, अधिक योग्य ठरतो. एकदा अंगाला लागलेली लाकडी पट्टी पुन्हा डब्यात बुडवणे हा संसर्गाचा मार्ग असल्याने ग्राहकाने त्याला निःसंकोच हरकत घ्यावी.

काही बाबतींत वॅक्सिंग टाळणेच शहाणपणाचे असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि त्या थांबवल्यानंतरही साधारण सहा महिने त्वचा सोलवटण्याचा धोका राहतो. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास डॉक्टरांना विचारावे. तीळ, चामखीळ, फुगलेल्या शिरा आणि उन्हाने भाजलेली त्वचा यांवर लेप लावू नये. सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळसर डाग राहण्याची प्रवृत्ती असते, म्हणून पहिला दिवस गरम पाणी, घाम आणि घट्ट कपडे टाळावेत. सुश्रुतसंहितेत केस काढण्यासाठी हरताळ आणि शंखचूर्णाचा योग सांगितला आहे, परंतु हरताळ हे आर्सेनिकचे संयुग असल्याने तो प्रयोग घरी करू नये.

क्रॉसड्रेसर हिजडा, पारलिंगी किंवा समलिंगी असतोच असे नाही; कुणासाठी हा रंगमंचाचा भाग असतो, कुणासाठी ओळखीचा, तर कुणासाठी आठवड्यातील काही तासांच्या मनःशांतीचा. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाच्या कायद्याने सर्वांसाठी खुल्या असलेल्या सेवा अशा व्यक्तींना नाकारण्यास मनाई केली आणि त्याच्या व्याख्येत देवीला वाहिलेल्या जोगत्यांचाही उल्लेख केला. परंतु स्वतःला पुरुषच मानणारा क्रॉसड्रेसर त्या व्याख्येत सहज बसत नाही, आणि फक्त महिलांसाठी असलेल्या पार्लरच्या मर्यादेचाही आदर ठेवावा लागतो. त्यामुळे त्याच्यासाठी कायद्याच्या कलमापेक्षा सेवा देणाऱ्या माणसाचा स्वभाव अधिक निर्णायक ठरतो.

म्हणूनच मंडई आणि तुळशीबाग परिसरातील पार्लरचालकांना विनंती आहे की, स्त्री-पुरुष दोघांना सेवा देणाऱ्या ठिकाणी पूर्ण अंगाच्या वॅक्सिंगचा दर उघडपणे लावावा, आडपडदा असलेली जागा ठेवावी आणि कारण विचारू नये. घरच्यांनाही सांगणे एवढेच की, नवऱ्याचे, भावाचे किंवा मुलाचे गुळगुळीत हात दिसले तर चारचौघांत थट्टा करू नये. विचारायचेच असेल तर एकांतात, आपुलकीने विचारावे आणि मिळालेले उत्तर आपल्यापाशीच ठेवावे.