तेलाआधीचे पाणी

नोव्हेंबरातला चौथा गुरुवार हा अमेरिकेत आभार मानण्याचा दिवस. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, राष्ट्रीय सण म्हणून त्याची घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने निश्चित झाला तो १९४१ मध्ये. या दिवशी घरोघर टर्की भट्टीत भाजली जाते. दक्षिण लुईझियानात मात्र ती अंगणात, कढत तेलात, सगळीच्या सगळी तळण्याची रीत आहे.

ही रीत कॅजन लोकांची. त्यांचे फ्रेंचभाषक पूर्वज अकेडियाचे, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशिया परिसरातले. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तेथून हुसकावले आणि त्यांतली कितीतरी कुटुंबे पुढे लुईझियानाच्या दलदलीत येऊन वसली. घराबाहेर मोठ्या हंड्यात क्रॉफिश उकडून साऱ्या गोतावळ्याने ते एकत्र खावेत, ही त्यांची सवय. तोच हंडा, तीच गॅसची शेगडी टर्कीच्या कामी आली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार देशभर पसरला.

पक्षी मूळचा अमेरिका खंडातला; मेक्सिकोत तो माणसाळला. पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दाने फळच आठवावे, ही भाषेची गंमत. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या नवलाईच्या वस्तू नेल्या त्यांत हा पक्षीही होता, आणि उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाला कुतूहल वाटले ते त्याच्या डोक्यामानेच्या बदलत्या रंगांचे. अंगणातल्या यजमानाला चिंता असते ती त्याच्या पोटात दडलेल्या बर्फाची.

साडेपाच किलोचा पक्षी भट्टीत तीनएक तास घेतो. तेलात चाळीस मिनिटांत होतो. कातडी कुरकुरीत, आतले मांस रसाळ. शेंगदाण्याचे तेल १७५ अंशांवर आणायचे आणि ते हंड्यात किती ओतायचे हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवायचे. त्यासाठी पक्षी आधी पाण्यात बुडवून पातळीची खूण करतात. इतक्या तापलेल्या तेलात बर्फाचा खडा गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे सतराशे पट जागा मागते. तेल उसळून काठाबाहेर येते, खाली ज्वाळा तयारच असते. दिवाळीत कढईपाशी बसलेल्या कोणत्याही गृहिणीला हे शास्त्र हातावरच्या चटक्यांनी ठाऊक असते. फरक असतो तो तेलाच्या मापाचा. इथे ते बारा-पंधरा लिटर. स्वयंपाकातून लागणाऱ्या घरगुती आगी अमेरिकेत वर्षभरात सर्वाधिक याच दिवशी लागतात.

लाफाएतजवळच्या एका घरात असाच एक गुरुवार उजाडला. नातवाने पक्षी उशिरा आणला होता. फ्रिजमध्ये त्याला तीन दिवस हवे होते, मिळाला जेमतेम एक. सकाळी नऊला आजोबांनी पोकळीत हात घातला आणि बाहेर काढून नुसताच पुसला. जेवण एक वाजता ठरले होते. ह्यूस्टनहून आलेल्या लेकीला रात्रपाळी होती. तीनला निघणे तिला भागच होते. वर्षातून एकदा ती येई ती या जेवणासाठी.

"पॉपॉ, वरून तर मऊ लागतोय," नातू म्हणाला.

"वरून," म्हातारा म्हणाला आणि त्याने टबात गार पाणी सोडले.

गार पाण्यात किलोमागे तासाहून थोडे अधिक लागते. पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे लागते. हिशेब सहा तासांचा होता, आणि तो सगळ्यांना करता येत होता. जावयाने भट्टीचा पर्याय सुचवला. पण ती आदल्या आठवड्यापासून बंद होती. कोणी म्हणाले, तेल थोडे कमी घालू. म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. त्याचा हट्ट कोणाला आवडला असेल असे नाही. लेक तर दुपारभर फारशी बोलली नाही. एकाला गम्बोची वाटी तिच्या पुढ्यात आली. ती तिने संपवली, दुसरीही घेतली. दर अर्ध्या तासाला नातू टब उपसत होता, भरत होता. त्याची बोटे लाल झाली होती.

तीनला तिची गाडी निघाली. निघताना ती टबाशी थांबली, पाण्यात हात घालून पाहिला आणि बापाच्या शर्टाच्या बाहीला पुसला.

मग पक्षी आतबाहेर कोरडा पुसला गेला, दोनदा. तेल तापले. घरापासून दूर, मोकळ्या जमिनीवर हंडा, पोरे कुंपणापलीकडे. आकडा आजोबांच्या हाती असे. यंदा तो त्यांनी नातवाकडे दिला आणि स्वतः वाकून शेगडी बंद केली. पक्षी तेलात उतरेपर्यंत खाली जाळ ठेवायचा नसतो. नातवाने तो इंचाइंचाने खाली सोडला. तेल खळखळले, चढले, पातळीच्या खुणेपाशी थांबले. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने शेगडी पुन्हा पेटवली आणि घड्याळात पाहिले.

पाच वाजता दिवे लावून सगळे जेवायला बसले. पहिली तंगडी कापून आजोबांनी कागदात गुंडाळली आणि फ्रिजमध्ये ठेवली. तिला कोणी हात लावायचा नव्हता.