पैसे देणारा पाहुणा

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती मानायची तर शनिवार-रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या आम्हा शहरी मंडळींना अतिथी म्हणण्याची सोयच राहत नाही. आमची तिथी महिनाभर आधी ठरलेली, अर्धे पैसे आगाऊ पोचलेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची हेही मुक्रर! बरे, गिऱ्हाईक म्हणावे, तर "आणखी एक मोदक घ्याच" असा आग्रह गिऱ्हाइकाला कोण करतो?

'हॉटेल' या शब्दाशीही आपले फारसे जमलेले नाही. मराठी माणसाचे हॉटेल म्हणजे चहा नि भजी. तिथे बसायचे; झोपायचे नाही. म्हणूनच की काय, नागाव, चौल, रेवदंडा या बाजूला पाट्या दिसतात त्या 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा. त्यातला 'घरगुती' हा शब्द मला फार आवडतो, आणि थोडा अवघडूनही टाकतो.

गेल्या हिवाळ्यात नागावच्या अशाच एका वाडीत आम्ही दोन दिवस राहिलो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर मोटारीसकट समुद्र ओलांडतो. घर लहानसेच. चार खोल्या, ओटीवर झोपाळा, मागे विहीर. जेवायला वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी. आमच्या खोलीतल्या फडताळात घरातल्या मुलीची शाळेची पुस्तके तशीच होती. रात्री पाणी प्यायला उठलो, तर मागच्या पडवीत घरची सारी मंडळी सतरंज्या टाकून झोपलेली! गर्दीच्या दिवसांत ती आपल्या खोल्या पाहुण्यांना देतात. खोलीबरोबर आपण यांची झोपही भाड्याने घेतली की काय, असे मनात आले.

सकाळी काकूंजवळ हे बोललो, तेव्हा त्या हसल्या. "कसले अवघडता, सर! या खोल्या होत्या म्हणून वाडी पुन्हा उभी राहिली."

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. भाताचे शेत गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येते. पोफळीचे तसे नाही. तिला फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. तेवढी वर्षे माणसांनी खायचे काय? काकूंनी मला ओळीने लावलेल्या कोवळ्या पोफळी दाखवल्या. "ही सगळी खोल्यांच्या पैशांची," त्या म्हणाल्या. आमच्या दोन रात्रींतून किती आळी शिंपली जातील, याचा मी मनाशी हिशेब करू लागलो.

पूर्वीचे आदरातिथ्य फुकट होते, असे आपण अभिमानाने सांगतो. मुंबईचा पाहुणा आठ-आठ दिवस राहायचा आणि जाताना नारळांची पिशवी घेऊन जायचा. पण त्या पाहुणचाराला किंमत नव्हती असे थोडेच आहे? ती चुलीपुढे बसलेली बाई मोजत होती, एवढेच. तिला कुणी विचारले नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही. आज काकूंच्या हातात वही आहे. किती माणसे, किती ताटे, किती रुपये, सारे त्यात लिहिलेले असते. त्या वहीने माया आटली असे मला तरी दिसले नाही. कष्टाचा मोबदला ठरला, म्हणजे आग्रह मनापासूनच करावा लागतो. तो काही भाड्यात धरलेला नसतो.

निघताना त्यांनी पैसे दोनदा मोजून घेतले, सुटे वीस रुपये परत केले आणि मग माझ्या पत्नीच्या हातात दोन नारळ ठेवले. "याचे किती?" असे तिने विचारताच त्यांचा चेहरा उतरला. वहीत लिहायचे काय आणि काय नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.