रस्सा मोजत नाहीत

कोल्हापुरात पाहुणा उतरला की तो आधी अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेची चौकशी करतो आणि मग जेवणाची. दुसरा प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली येतो. "चांगलं हवं, पण फार महाग नको." यात आवाज खाली आणण्यासारखं काही नाही. मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवणारा हमाल, सीपीआर इस्पितळात रुग्णाजवळ बसलेला नातेवाईक, कॉलेजसाठी राधानगरी-भुदरगडाकडून आलेली पोरं, अशी किती तरी माणसं इथं रोज बाहेर जेवतात. अशा गावात थोड्या पैशांत पोटभर जेवायला मिळणं ही रीतच पडून गेली आहे. ते कुठं मिळतं, हे मात्र पाट्या वाचून कळत नाही.

म्हणून महाद्वार रोडला रिक्षावाल्या मामांना "मटण कुठं भारी मिळतंय?" असं विचारू नका. "मामा, तुम्ही कुठं जेवता?" असं विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं निराळी येतात. पहिल्या उत्तरात नाव असलेलं हॉटेल असतं. दुसऱ्यात एखादी गल्ली असते, "तालमीच्या मागं, निळं दार" अशी खूण असते, आणि "आज रविवार, एकच्या आत जावा" असा सल्लाही असतो.

सकाळ मिसळीची. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, महाद्वार रोडला चोरगे, आणि प्रत्येक पेठेचं आपलं एखादं लाडकं ठिकाण. उद्यमनगर हा लेथ आणि कारखान्यांचा भाग आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला दुपारपर्यंत उभं ठेवणारा हा नाश्ता आहे. खाली मटकी आणि बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, त्यावर कट, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि बाजूला ब्रेडच्या स्लाइस. कट संपला की परत मागायचा. मागणाऱ्याकडं कुणी वळूनही बघत नाही, सगळेच मागतात. एवढंच, की जायचं ते लवकर. कित्येक ठिकाणची पातेली दुपारपर्यंत रिकामी होतात.

खरी परीक्षा दुपारची, खानावळीची.

पेठांमधल्या घरगुती खानावळी बाहेरून ओळखूच येत नाहीत. पुढच्या खोलीत चार टेबलं, भिंतीवर देवीचा फोटो, आत स्वयंपाकघरात काकू आणि वहिनी, बाहेर वाढायला घरातलाच मुलगा. ताटात सुक्कं मटण, कांदा, लिंबू, भाकरी किंवा चपाती, मागून भात. आणि दोन वाट्या, एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्याची. परगावच्या माणसाचा हात आधी तांबड्याकडं जातो. त्यानं त्याआधी पांढरा प्यावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण खानावळीची लायकी त्या वाटीत कळते. तांबड्या रश्श्यात चटणीचा रंग आणि वरची तर्री पुष्कळ काही झाकून घेते. पांढऱ्याला तशी सोय नाही. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की जे अळणी पाणी सुटतं, त्यात नारळाचं दूध, वाटलेले तीळ-खसखस किंवा काजू, आणि मिरी, दालचिनी, लवंग असा खडा मसाला. बस्स. मटण ताजं नसेल तर पहिल्या घोटाला समजतं. नारळाचं दूध पडल्यावर आच जास्त झाली तर रस्सा फुटतो, तेही दिसतं. दाटपणासाठी पीठ घातलं असेल तर ते जिभेवर बसून राहतं. चांगला पांढरा रस्सा पातळ असतो, वाटी तोंडाला लावून पिता येतो, आणि गिळल्यावर घशात मिरीची ऊब तेवढी उरते. ही वाटी जमली असेल तर त्या स्वयंपाकघरातलं बाकी सगळं डोळे मिटून खावं.

आणि ही वाटी पुन्हा भरली जाते. मटणाचे तुकडे मोजून येतात, कारण ते महाग आहे. रस्सा मात्र मोजत नाहीत. ही पद्धत हॉटेलवाल्यांनी काढलेली नाही, ती घराघरांतून आलेली आहे. रविवारी अर्धा किलो मटण आणि खाणारी तोंडं आठ-दहा, अशा घरात आईनं रस्सा वाढवूनच सगळ्यांना जेवू घातलं. तुकडा पोरांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात गेला, रस्सा-भाकरी सगळ्यांना मिळाली. खिसा हलका असलेल्या माणसाला खानावळीत आजही तोच आधार आहे. वगराळं घेऊन वाढपी येतो आणि म्हणतो, "घ्या की पावणं, लाजू नका." या एका वाक्यासाठी मला हे शहर फार प्रिय आहे.

या मोकळ्या हाताला इतिहासही आहे. भवानी मंडपातून भाऊसिंगजी रोडनं सीपीआरकडं चालत गेलं की दसरा चौक लागतो. इथं आणि आसपास राजर्षी शाहू महाराजांच्या आधारानं उभी राहिलेली विद्यार्थी वसतिगृहं आहेत. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढं लिंगायत, मुस्लिम, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातलं पोर शिकायचं तर आधी त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय हवी, हे या राजाला पक्कं ठाऊक होतं. पुढं 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं आणि गल्लोगल्लीच्या मेसना जेवणारी पोरं मिळत राहिली. कोल्हापुरात शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याला वर्गाआधी मेसच्या काकू आठवतील.

भाऊसिंगजी रोडवरच गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं, सत्यसुधारक नावाचं. गंगाराम दरबारच्या चाकरीत होते. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. हॉटेल निघालं, पण सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले, स्वतः पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. स्वस्त आणि चांगलं खाणं शोधत या रस्त्यानं जाताना एवढं ठाऊक असावं. याच शहरात कोण कुणाच्या हातचं खातो यावरून माणसाचं माणूसपण नाकारलं जात होतं, आणि याच रस्त्यावर एका कप चहानं त्याला उत्तर दिलं गेलं.

संध्याकाळचं फार सांगायला नको. खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ आहे. गाड्यांवर दावणगिरी लोणी डोसा मिळतो, तो कर्नाटकातून आला आणि आता आमचाच झाला आहे. रात्री गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला जा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा कोमट पेला हातात देतात. तालमीतल्या पोरांचा हा खुराक, पण पाहुण्यालाही तो त्याच भावात मिळतो. शाकाहारी असाल तर अडणार नाही. पन्हाळ्याला किंवा जोतिबाला झुणका, भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही हे जेवण कुठल्याही ताटाच्या तोडीचं आहे. मात्र 'व्हेज कोल्हापुरी' शोधत फिरू नका, आमच्या घरांत ती भाजी होत नाही.

तिखटाला भिऊन कोल्हापूर टाळू नका. इथलं घरचं जेवण जाळणारं नसतं. जाळ बहुधा बाहेरगावच्या माणसासाठी मुद्दाम केलेला असतो. खानावळीत "रस्सा जरा कमी तिखट द्या" म्हटलं तर कुणी हसत नाही. ताटात घेतलेलं टाकू नका, आणि जेवण आवडलं तर आत वाकून काकूंना तसं सांगा. वाढपी परत आला की वाटीवर हात आडवा धरू नका, पुढं करा. त्या रश्श्याचे पैसे ताटातच धरलेले असतात.