सरस वाण कोणता, हा प्रश्न अपुरा आहे

संकरित नेपियर गवताचा नवा वाण बाजारात आला की त्याच्यासोबत एक आकडा येतो: हेक्टरी अमुक टन हिरवा चारा. त्या आकड्यावर भरवसा ठेवून दोन-चार म्हशींचा धनी कांड्या विकत घेतो. हे गवत एकदा लावले की काही वर्षे शेतात राहते. निवड चुकली तर चूकही तितकीच वर्षे राहते.

आकडा खोटा असतोच असे नाही; तो कशाचा, हे विचारले जात नाही. १४ गुणसूत्रांची बाजरी आणि २८ गुणसूत्रांचे नेपियर यांच्या संकरातून २१ गुणसूत्रांचे वांझ गवत निपजते. बी धरत नसल्याने लागवड कांडीने किंवा मुळांसह ठोंबाने करावी लागते, आणि तुलनेतला पहिला घोळ इथेच शिरतो. ठोंब लवकर सावरतो. कांडीला आधी डोळे फुटून मुळे धरावी लागतात. एका वाणाचे ठोंब आणि दुसऱ्याच्या कांड्या लावल्या, तर पहिल्या कापणीत वाणांइतकाच लागवडीतला फरकही तोलला जातो. कांड्याही सारख्या नसतात. शेंड्याकडची कोवळी कांडी बुंध्याकडच्या पक्व कांडीसारखी उगवत नाही.

अंतराचेही तसेच. ६० × ५० सेंमी अंतरावर हेक्टरी सुमारे ३३ हजार ठोंब बसतात, ९० × ६० वर साडेअठरा हजार. भरपूर फुटवे करणारा वाण मोकळ्या जागेत पसरून तूट बरीचशी भरून काढतो. कमी फुटव्यांच्या वाणाला ते साधत नाही. बांधालगतचे, भरपूर ऊन मिळालेले एकच बेट तोलून त्याला ३३ हजारांनी गुणले, की जाहिरातीला शोभेल असा आकडा तयार होतो. वजनकाटा मात्र अगदी बरोबर वाचलेला असतो!

नत्राचा प्रश्न अधिक खोल आहे. भरपूर युरियावर अव्वल ठरलेला वाण तुटपुंज्या शेणखतावर मागे पडू शकतो. अशा वेळी ‘सरासरीने पुढे कोण’ हे उत्तर दोन्ही प्रकारच्या शेतकऱ्यांना निरुपयोगी. संख्याशास्त्रात याला परस्परक्रिया म्हणतात. ती पकडण्यासाठी मोठ्या वाफ्यांना खताच्या वेगवेगळ्या मात्रा देतात, प्रत्येकाच्या पोटात वाणांचे छोटे वाफे आखतात आणि कोणाला कोठे जागा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथातून भारतीय कृषिसंशोधकांच्या पिढ्या असे प्रयोग शिकल्या. झाशीच्या भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेतून समन्वय होणाऱ्या देशव्यापी चाचण्यांतही वाण नत्राच्या निरनिराळ्या मात्रांवर पारखले जातात. बातमीत त्या तक्त्यांतली एकच ओळ येते.

दोन गुंठ्यांतही हे पडताळता येते. दोन्ही वाणांच्या एकाच वयाच्या कांड्या, एकाच दिवशी, एकाच अंतरावर. निम्म्या वाफ्यांना घरचे शेणखत, निम्म्यांना युरिया. प्रत्येक जोडी किमान तीन ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून. कडेच्या ओळी सोडून मधल्याच ओळी तोलायच्या, आणि पहिल्या कापणीचे वजन वेगळे लिहून ठेवायचे.