यमुनाकाठच्या वाळूतला माग

जमिनीखालच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन दूरवर पुन्हा ओळखू येणाऱ्या पदार्थाला ट्रेसर म्हणतात. चुनखडक विरघळून पोटात भुयारे झालेल्या, म्हणजेच कार्स्ट प्रदेशात त्याचा माग झटपट लागतो. १८७७ मध्ये आडोल्फ क्नोप यांनी जर्मनीत डॅन्यूब पात्रातच गडप होते तिथे १० किलो फ्लुओरेसिन हा हिरवा चकाकणारा रंग सोडला आणि सुमारे ६० तासांनी तो १२ किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून वर आला.

दिल्लीच्या मयूर विहारात राहून या प्रयोगांचा अभ्यास करणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या पायाखालचा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा आणि वाहू देणारा थर, मात्र यमुनेने आणलेल्या वाळूचा आहे. तिथे पाणी कणाकणांमधून संथ झिरपते, रंग विरत जातो, म्हणून पाण्यात मुळातच असलेल्या खुणा वाचाव्या लागतात.

जवळच्याच चिल्ला खादरमधल्या भाजीच्या मळ्याशेजारी हापशाचे पाणी लेखकाने काचेच्या बाटलीत धरले तेव्हा ते नितळ होते, पण हवा लागताच काही वेळात पिवळसर झाले आणि तळाशी तांबूस साका बसला. जमिनीखाली सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू संपतो, वाळूवरचे लोह विरघळते आणि हवेत येताच गंजाच्या रूपाने वेगळे होते. तरीही एवढ्यावरून यमुनेत मिसळणारे सांडपाणी इथवर पोहोचले असे म्हणता येत नाही, कारण गाळात गाडला गेलेला पालापाचोळाही हेच घडवतो.

पाण्याचे मूळ सांगतो तो ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड समस्थानिक. हिमालयातून आलेल्या यमुनेच्या पाण्यात त्याचे प्रमाण दिल्लीच्या पावसापेक्षा कमी असते. सांडपाण्यातले क्लोराइड पाण्याच्याच वेगाने सरकते, तर अमोनियम मातीच्या कणांना चिकटत, सुटत मागे रेंगाळते. निजामुद्दीन पुलाजवळच्या पूर्व काठावर बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी नदीतून झिरपणाऱ्या अशाच दूषित पाण्याचा अभ्यास केला आहे.

दिल्लीत खोलवरचे भूजल काही ठिकाणी मुळातच खारे असल्याने नुसत्या क्लोराइडवर विसंबता येत नाही. पण एखाद्या बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ नदीकडे बोट दाखवत असेल आणि क्लोराइड चढत असेल, तर अमोनियम न सापडणे हा त्या बोअरच्या शुद्धतेचा पुरावा ठरत नाही, ते अद्याप वाटेत असण्याचीच शक्यता अधिक असते.