मोती नदीच्या मुखाशी

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे देवळे, सरोवरे आणि हिमशिखरे उभी राहतात. आम्ही उभयता ज्या गावी दोनदा जाऊन आलो तेथे यांपैकी काहीही नाही. दक्षिण चीनमध्ये मोती नदी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या पूर्वेस दोंग्वान नावाचे शहर पसरलेले आहे. शहर म्हणण्यापेक्षा तीस-बत्तीस गावांचा जुडगा म्हणावा. एक गाव संपून दुसरे केव्हा सुरू झाले ते परक्याला कळू नये इतके ते एकमेकांस चिकटलेले. पाहावे तिकडे कारखाने, कामगारांच्या वसतिगृहांच्या चौकोनी इमारती आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेथे कारखाना चालवतो, एवढेच आमच्या जाण्याचे निमित्त.

भाचा इंदूरचाच. येथे इंजिनिअर होऊन तो हाँगकाँगच्या एका व्यापारी कचेरीत नोकरीस लागला आणि पुढे एका चिनी भागीदारासह २००६ साली दोंग्वानच्या चांगआन या भागात त्याने स्वतःचे काम सुरू केले. काम कसले? तर घरातील लहानसहान विजेच्या उपकरणांना जो काळा चौकोनी अडॅप्टर लागतो, तो बनवण्याचे. मात्र त्या अडॅप्टरवर त्याचे नाव कोठेही नसते. नाव परदेशी गिऱ्हाइकाचे, नमुना त्याचा, भावही बहुतेक त्याचाच. शिंप्याला कापड आपण द्यावे, माप आपण द्यावे आणि त्याने शिलाईपुरते पैसे घ्यावेत, तसा हा व्यवहार.

या शिलाईच्या धंद्याचे मूळ ठिकाण दोंग्वानमध्येच आहे, हे भाच्याने पहिल्या भेटीत मोठ्या अभिमानाने सांगितले होते. १९७८ साली, चीनने आर्थिक सुधारणांचा निर्णय जाहीर करण्यापूर्वी काही महिने, येथील हूमेन गावी हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याने ताइपिंग हँडबॅग कारखाना सुरू करवला. कातडे, नमुने आणि यंत्रे त्याची. जागा आणि हात गावाचे. ग्वांगदोंग प्रांतात अशा कामासाठी दिलेल्या परवान्यांत त्या कारखान्याचा क्रमांक पहिला. पुढे हीच पद्धत साऱ्या किनाऱ्यावर फोफावली.

याच हूमेनला एका रविवारी भाचा आम्हांला घेऊन गेला, तेव्हा आणखी एक गोष्ट पाहावयास मिळाली आणि ती पाहून आम्ही थोडे ओशाळलो. बादशहाचा अधिकारी लिन झशू याने ३ जून १८३९ पासून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू येथे खड्डे खणून, त्यांत पाणी, मीठ आणि चुनकळी घालून नष्ट केली व ते पाणी समुद्रात सोडून दिले. त्या ठिकाणी आता संग्रहालय आहे. नकाशावरील बाणांकडे बोट दाखवून भाचा हळूच म्हणाला, "मामा, यातली पुष्कळशी आपल्याकडची." खरेच होते ते. माळव्याची अफू इंदूर-उज्जैनच्या बाजारांतून मुंबईस आणि तेथून जहाजांनी कॅन्टनला जात असे. आमच्या गावच्या कित्येक जुन्या हवेल्यांचा चुना कोणत्या पैशाने मळला गेला, हा विचार त्या खड्ड्यांच्या काठावर उभे राहून करावा लागेल असे आम्हांस वाटले नव्हते. असो.

आमची पहिली खेप २०१० च्या मार्च महिन्यातली. तेव्हा हाँगकाँगहून गाडीने लो वूपर्यंत जाऊन, झाकलेल्या पुलावरून पायी सरहद्द ओलांडून शेन्झेनला उतरावे लागे. भाच्याच्या कारखान्यात तेव्हा एकशेऐंशी माणसे होती आणि त्याला आणखी तीस हवी होती. चिनी नववर्षाची सुट्टी नुकतीच संपली होती. या सुट्टीत कोट्यवधी कामगार रेल्वे आणि बसगाड्या भरभरून आपापल्या खेड्यांकडे जातात, आणि त्यांतले किती परत येतील या विवंचनेत कारखानदारांचे ते पंधरा दिवस जातात. कारखान्यांच्या फाटकांपुढे टेबले मांडून, लाल कापडावर पगाराचे आकडे लिहून मालक स्वतः उभे होते. येणारी मुले-मुली एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर जात, आकडे वाचत आणि काही न बोलता पुढे सरकत. भाजीबाजारात गिऱ्हाईक जुडी उलटसुलट करून खाली ठेवते, तसे. आमच्या सौभाग्यवतींना त्याचे फार हसू आले. भाच्याला मात्र हसू आले नाही.

ही टंचाई प्रथम जाणवली २००४ च्या सुमारास. तोपर्यंत हुनान, सिच्वान, ग्वांग्शी या प्रांतांतील खेड्यांतून येणारा लोंढा कधी आटणार नाही, असेच सर्वांनी गृहीत धरले होते. पण एका मुलाच्या सक्तीचा कायदा १९८० च्या आसपास आला, त्याची फळे पुढे दिसणारच होती. २०१२ साली तर काम करण्याच्या वयाच्या माणसांची संख्या प्रथमच घटली. शिवाय कारखानेच झेंगचौ, छंगदू, चोंगचिंग अशा आतल्या शहरांकडे निघाले. घरापासून दोन तासांवर काम मिळत असता हजार मैल दूर येऊन आठ जणांच्या खोलीत कोण झोपणार?

मजुरी मग चढत गेली. दोंग्वानचे किमान मासिक वेतन आम्ही प्रथम गेलो तेव्हा ७७० युआन होते. त्याच वर्षी १ मे रोजी ते ९२० झाले. २०१३ मध्ये १,३१०, २०१५ मध्ये १,५१०, २०१८ मध्ये १,७२० आणि २०२१ च्या डिसेंबरात १,९००. वाचकांना वाटेल, चौदा वर्षांत अडीच पट, यात एवढे काय? मेख पुढेच आहे. जादा वेळेचे पैसे मूळ वेतनाच्या हिशेबाने द्यावयाचे असतात. साध्या दिवशी दीडपट, सुट्टीच्या दिवशी दुप्पट, सणाच्या दिवशी तिप्पट. विमा आणि निवृत्तिवेतनाचा भरणाही वेतनाच्याच प्रमाणात. म्हणजे पायाचा एक दगड उचलला की वरचे सारे मजले उचलले जातात. आणि किमान वेतनावर बसणारा कामगार तर आता मिळतच नाही. भाचा म्हणतो, पाच हजारांच्या आत कुणी यंत्रापुढे येऊन बसत नाही.

इकडे गिऱ्हाईक पैसे देणार डॉलरमध्ये. २००५ च्या जुलैपर्यंत एका डॉलरचे ८.२८ युआन मिळत. २०१४ च्या आरंभी सहाच्या किंचित वर उरले. तोच अडॅप्टर, तोच भाव, पण हाती येणारे युआन पाव हिश्शाने कमी. पुढे डॉलर पुन्हा थोडा वधारला, तर गिऱ्हाईक त्याचा हिशेब काढून भाव उतरवून मागू लागले. "नुकसान माझे एकट्याचे, मामा, आणि फायदा झाला तर तो दोघांचा," असे भाचा म्हणाला तेव्हा त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. हवामान सांगावे तसे त्याने ते सांगितले.

दुसऱ्या खेपेस, २०२४ च्या नोव्हेंबरात, हाँगकाँगच्या मध्यवस्तीतून वेगवान गाडीने आम्ही तासाच्या आत हूमेनला उतरलो. आमच्या पिशवीत बेसनाचे लाडू आणि मेतकूट होते. चांगआनला पोचल्यावर प्रथम लक्षात आली ती शांतता. वसतिगृहाच्या गॅलऱ्या रिकाम्या होत्या. एकशेऐंशीपैकी सेहेचाळीस माणसे राहिली होती. तारा गुंडाळण्याचे आणि डाग देण्याचे काम यंत्रे करीत होती. २०१४ पासून माणसांच्या जागी यंत्रे आणणाऱ्यांना शहराकडून अनुदान मिळू लागले, तेव्हा भाच्यानेही ती घेतली. पुढे २०१८ साली अमेरिकेने चिनी मालावर जकात वाढवली आणि गिऱ्हाइकांनी एकच धोशा लावला, व्हिएतनामला जा.

"मग पिथमपूरला का येत नाहीस?" आम्ही विचारले. बहिणीच्या मनातला प्रश्न होता तो. भाच्याने आम्हांला स्कूटरवर मागे बसवले आणि तासाभरात फिरवून आणले. या गल्लीत तांब्याची तार, त्या गल्लीत प्लॅस्टिकचे साचे, पुलाखाली पुठ्ठ्याची खोकी, एका दुकानात नुसते स्क्रू, हजारो प्रकारचे. सकाळी साचा बिघडला तर दुपारी दुरुस्त होऊन येतो. "हे सगळे मी पिथमपूरला कसे नेऊ? तेथे निम्मा माल येथूनच बोटीने मागवावा लागेल. व्हिएतनामलाही तो येथूनच ट्रकने जातो." मजुरी स्वस्त असलेल्या गावी मजुरीखेरीज बाकी सारे महाग पडते, हे आम्हांस त्या स्कूटरवर बसून उमगले. एरवी ते आम्ही वर्तमानपत्रात शंभरदा वाचले असते तरी उमगले नसते.

पण त्याची झोप उडाली होती ती या हिशेबाने नव्हे. कारखान्यात एक बाई आहेत; सारे त्यांना 'जिए' म्हणतात, म्हणजे आपली ताई. हुनानच्या खेड्यातून त्या एकोणिसाव्या वर्षी आल्या आणि २००७ पासून भाच्याकडे आहेत. आम्ही प्रथम गेलो तेव्हा त्या जोडणीच्या रांगेच्या प्रमुख होत्या. त्यांचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, गावी आजीपाशी. कारण बाहेरगावच्या कामगाराच्या मुलाला येथील सरकारी शाळेत प्रवेश मिळणे दुर्घट. आता तो बावीस वर्षांचा आहे आणि छांगशा शहरात विजेच्या स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. कारखान्यात पाऊल टाकणार नाही, असे त्याने आईला स्पष्ट सांगितले आहे.

चीनमध्ये निवृत्तिवेतन मिळण्यास निदान पंधरा वर्षांचा भरणा लागतो, आणि २०३० पासून ही मुदतही हळूहळू वाढणार आहे. जिएंचा भरणा दहाच वर्षांचा आहे. २००७ ते २०१४ या काळात भाच्याने तो केलाच नाही. त्या भागात तेव्हा पुष्कळ मालक करीत नसत, आणि कामगारांनाही हातात रोख पैसे बरे वाटत. जिएंनीही 'मला नको' अशा कागदावर सही केली होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये दोंग्वानमधल्या एका प्रचंड पादत्राण-कारखान्यातले सुमारे चाळीस हजार कामगार याच थकलेल्या भरण्यासाठी काम सोडून रस्त्यावर उतरले, तेव्हा भाच्याचे डोळे उघडले. "सही त्यांची होती, पण कागद माझा होता," तो म्हणाला. जेवताना त्याने हे सांगितले आणि मामीने वाढलेला भात तसाच राहिला.

कारखाना बंद केला तर कायद्याप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. जिएंना सतरा महिन्यांचे मिळेल. पण सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण घेणार, आणि उरलेली पाच वर्षे कोण भरणार? मागचा भरणा आता करावा तर थकलेल्या प्रत्येक दिवसास दहा हजारांमागे पाच असा दंड, आणि इतक्या जुन्या वर्षांचा पैसा कार्यालय सहजासहजी घेतही नाही. जिएंसारखी आणखी अकरा माणसे आहेत. भागीदाराचे म्हणणे, कायद्याने जेवढे द्यावयाचे तेवढे देऊन मोकळे व्हावे. त्याचे चूक आहे असेही आम्हांस म्हणवत नाही. त्याचे स्वतःचे घर बँकेकडे गहाण आहे.

निघण्याच्या दिवशी जिए आम्हांला भेटावयास आल्या. त्यांनी हुनानच्या वाळल्या लाल मिरच्यांची पुडी सौभाग्यवतींच्या हाती दिली आणि लाडू सगळ्यांत वाटून मगच स्वतः खाल्ला. मग भाच्याकरवी आम्हांला विचारले, तुमच्या गावी कारखाना बंद पडला तर माणसांना त्यांचे पैसे मिळतात का?

आमच्या डोळ्यांपुढे इंदूरची ती गिरणी आली. १९९१ च्या डिसेंबरात ती बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल २०२३ च्या अखेरीस लागला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक जण वाट पाहून गेले; पैसे त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी घेतले. आम्ही "मिळतात" एवढेच म्हटले. भाच्याने आमच्याकडे पाहिले आणि तेवढेच चिनीत सांगितले.

२०२५ च्या मार्चमध्ये दोंग्वानचे किमान वेतन २,०८० झाले. त्या दिवाळीत भाच्याचे पत्र आले. मोठे काम त्याने व्हिएतनामच्या एका कारखान्याकडे सोपवले आहे, दोन यंत्रे विकली आहेत आणि चांगआनला वीस माणसांची एक रांग ठेवली आहे. तीत ते बाराही जण आहेत. त्यांच्या मागच्या भरण्याचे अर्ज त्याने कार्यालयात दिले आहेत. सातांचे मंजूर झाले, पाचांचे कागद अपुरे म्हणून परत आले. परत आलेल्यांत जिएंचा आहे. २००८ सालच्या पगाराच्या पावत्या त्या हुनानला जाऊन घरच्या पेटीत शोधणार आहेत. भागीदाराशी बोलणे कमी झाले आहे, असेही त्याने लिहिले आहे. आणि शेवटी, मेतकूट संपले, कुणी येणार असेल तर पाठवावे.