पंचनाम्यातील नावे

कुंटणखान्यावर घातलेल्या छाप्याचा पंचनामा ज्याने एकदा मन लावून वाचला आहे, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही, ती ही की त्या कागदात सर्वांत काटेकोरपणे जर काही नोंदलेले असेल, तर ते चलनी नोटांचे क्रमांक होत. बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवावयाच्या इसमाच्या हाती पोलीस ज्या नोटा देतात त्यांचे क्रमांक पंचांसमक्ष आधी टिपले जातात, इशारा मिळून पथक आत शिरल्यावर त्याच नोटा कोणाच्या ताब्यात मिळाल्या हे पुन्हा टिपले जाते, आणि मग खोलीतील पलंग, गाद्या, मोबाइल अशा वस्तूंची यादी होते. त्यानंतर स्त्री येते. तिचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, हल्ली मुक्काम, मूळ गाव, तालुका, जिल्हा, आणि ती या मार्गाला कशी लागली याची तिच्याच तोंडची म्हणून लिहिलेली, परंतु दहा पंचनाम्यांत दहा वेळा जवळजवळ त्याच शब्दांत आढळणारी हकीकत. ज्याच्या मालकीच्या भिंतींआड हे सर्व चालले त्या घरमालकास मात्र बहुधा एखादी ओळ पुरते, आणि काल, परवा, गेली चार वर्षे ज्यांच्या पैशावर ते घर चालले त्या पुरुषांचा तर त्या मजकुरात मागमूसही नसतो. नोटेला क्रमांक आहे, स्त्रीला गाव आहे. गिऱ्हाइकाला काहीच नाही.

असल्या खटल्यांचे सरकारी व अदालती कागद लोकांपुढे उघडावेत की नाहीत, याविषयी अलीकडे जगभर जो वाद चालला आहे त्यात दोन्ही पक्षांचे म्हणणे मला पुष्कळ दिवस सारखेच पटत आले. कागद झाकला की गुन्हा झाकतो, हे खरे. आणि कागद उघडला की जिच्यावर अन्याय झाला तीच उघडी पडते, हेही तितकेच खरे. परंतु या दोहोंत समतोल कसा साधावा असा प्रश्न मांडण्यापूर्वी त्या कागदात मुळात कोण लिहिलेले आहे आणि कोण लिहिलेलेच नाही, याची झडती घेतली पाहिजे, असे मला आता वाटते.

माझे एक मामा नांदेडच्या कचेरीत नकलनवीस होते. त्यांची उमेदवारी निजामी अमदानीत, उर्दू मिसलींच्या गठ्ठ्यांत झाली. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदलले, पुढे 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, कामकाजाची भाषाही क्रमाने पालटली, तरी दप्तरखान्याला मुहाफिजखाना म्हणण्याची सवय त्यांच्या तोंडून अखेरपर्यंत गेली नाही. जमिनीच्या मिसलींची नक्कल मागायला दोन्ही पक्ष येतात, मारामारीच्या मिसलींची मागायलाही येतात. पण बायका पळविण्याच्या, विकण्याच्या मिसलींची नक्कल मागणारा जो येतो तो आरोपीकडचाच असतो, ती बाई किंवा तिचा बाप कधी येत नाही, असे ते सांगत. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. फी भरून येईल त्यास नक्कल द्यावी एवढाच त्यांचा धर्म. पण मला त्यातून एवढे उमगले की ज्या दप्तराला आपण बंद समजतो ते कधीच सर्वांना सारखे बंद नसते. ज्याच्यापाशी वकील आहे, पैसा आहे आणि चिकाटी आहे त्याच्यासाठी ते उघडेच असते. बंद असते ते जिच्याविषयी आहे तिला आणि ज्यांनी त्यावर विचार करावा त्या समाजाला.

आता कागद टिकून राहिले आणि कालांतराने उघडले तर काय साधते याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. 1917 साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात एका मराठी स्त्रीला, ती पळून जाऊ पाहत होती म्हणून, तिच्या मालकांनी हालहाल करून मारले. खटला चालला, मालक दोषी ठरले. त्या खटल्यात तिच्याबरोबर त्याच घरात राहणाऱ्या बायकांच्या जबान्या झाल्या. त्यांतून कर्जाच्या फासाने बाई कशी बांधली जाते, गजांआड ती कशी बसविली जाते, मिळकतीतला वाटा कोणाच्या घशात जातो, हे सारे सरकारी कागदावर उतरले. पोलिसांना हे आधी ठाऊक नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. तथापि ठाऊक असणे आणि दप्तरी दाखल असणे यांत महदंतर आहे. पुढे 1921 साली मुंबई सरकारने वेश्याव्यवसायाच्या चौकशीसाठी कमिटी नेमली आणि 1923 साली मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. त्या मृत स्त्रीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांनी छापलेले आहे. मी येथे ते लिहीत नाही, ते केवळ तशी सवय राहावी म्हणून. शंभर वर्षांनंतर तिला त्यापासून इजा संभवत नाही, आणि त्या जबान्या मुंबईच्या अभिलेखागारात टिकल्या नसत्या तर ती जगली होती याचीही साक्ष उरली नसती.

याच्या उलट बाजूस जळगाव आहे. 1994 साली तेथे उघडकीस आलेल्या प्रकरणात चित्रफिती आणि छायाचित्रे यांचा धाक घालून अनेक मुलींना वर्षानुवर्षे वेठीस धरल्याचा आरोप होता, आणि आरोपींत राजकारणातली प्रतिष्ठित मंडळी होती. तपासात मीरां बोरवणकरांसारख्या पोलीस अधिकारी होत्या, स्त्रियांच्या संघटना गावोगाव फिरत होत्या; तरीही फिर्याद द्यायला पुढे आलेल्या स्त्रिया फार थोड्या, आणि जे खटले उभे राहिले त्यांतीलही काही शिक्षा पुढे उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. अब्रूच्या भीतीने कागद झाकले गेले, हे समजण्याजोगे आहे. परंतु अब्रू राहिली का? मिसल बंद असली तरी गावगप्पांचे दप्तर खुलेच होते. जळगावची मुलगी म्हटले की स्थळे परत जातात, असे त्या दिवसांत इकडे मराठवाड्यातही बोलले जाई. म्हणजे जिचा त्या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता तीही त्या झाकलेल्या यादीत जाऊन बसली, आणि त्या यादीतून सुटले ते फक्त पुरुष. गुप्ततेचा पडदा स्त्रीसाठी म्हणून लावला जातो आणि त्याच्या आड निवांत उभा राहतो तो दुसराच कोणी, हे मी तेव्हा पाहिले आणि त्यानंतर पुष्कळदा पाहिले.

अमेरिकेतील जेफ्री एपस्टीन याचे मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण आता आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ऐकून ठाऊक झाले आहे, पण त्यातील मर्माचा भाग क्वचितच सांगितला जातो. तेथील सरकारी वकिलांनी त्याच्याशी खटला न भरण्याचा जो करार केला, आणि ज्याच्या आधारे 2008 साली तो किरकोळ कैदेच्या शिक्षेवर सुटला, तो करार मोहोरबंद ठेवला होता. ज्या मुलींवर अत्याचार झाला त्यांनाच त्याची वार्ता दिली गेली नाही, आणि त्यात त्याच्या साथीदारांनाही अभय दिलेले होते. मायामी हेरल्ड या वृत्तपत्राने 2018 च्या नोव्हेंबरात ते सारे पुन्हा उकरून काढले, आणि 2019 च्या फेब्रुवारीत तेथील न्यायाधीशाने मुलींना अंधारात ठेवणे बेकायदा होते असा निर्णय दिला. गुप्तता तेथे कोणाच्या लज्जेसाठी नव्हती. 2025 च्या नोव्हेंबरात तेथील विधिमंडळाने जवळजवळ एकमताने हे कागद खुले करण्याचा कायदा केला, आणि त्या कायद्यातील एक कलम मला कोणत्याही देशाच्या कायद्यात शोभेल असे वाटते: पीडितांची ओळख पटविणारा मजकूर झाकता येईल, परंतु कोणाची पंचाईत होईल, कोणाच्या लौकिकाला बाध येईल किंवा राजकीय अडचण होईल एवढ्या कारणास्तव एक ओळही झाकता येणार नाही. कायदा असा स्वच्छ. अंमल मात्र कसा झाला? 2026 च्या जानेवारीअखेर लक्षावधी पाने एकदम बाहेर आली, त्यांत कित्येक ठिकाणी थोरामोठ्यांच्या नावांवर काळी पट्टी आणि कित्येक पीडित स्त्रियांची नावे उघडी, असा प्रकार झाला, आणि त्यांच्या वकिलांनी आक्रोश केल्यावर हजारो कागद मागे घ्यावे लागले. काळी शाई फासणारा हातही शेवटी कारकुनाचाच. आणि कारकुनाचा हात कोणाला भितो हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको.

आपल्या कायद्याची स्थिती याहून चमत्कारिक आहे. बलात्कारित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा 1983 पासून आपल्याकडे गुन्हा आहे. दंड संहितेचे ते 228-अ कलम आता न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली फिर्यादीचा पहिला अहवाल (एफआयआर) चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला तेव्हा लैंगिक गुन्ह्यांचा अपवाद केला, आणि 2018 साली निपुण सक्सेना खटल्यात नावच काय, ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येणार नाही असे बजावले. हे सर्व उचितच झाले. परंतु 228-अ किंवा 72 यांच्या यादीत मनुष्यव्यापाराचे कलम नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर तिला दुसऱ्या कायद्यांचे छत्र मिळते. पण एकोणीस-वीस वर्षांची जी मुलगी फसवून विकली गेली आणि जिच्या बाबतीत केवळ अनैतिक व्यापाराचे कलम लागले, तिच्या नावाला त्या कलमाचा आडोसा नाही. वर्तमानपत्रे सौजन्याने नाव गाळतात खरी. पण वय, मूळ गाव, तालुका आणि नवरा कोणत्या कारखान्याच्या ऊसतोडीला गेला होता इतके सारे छापून नाव तेवढे गाळण्यात काय अर्थ आहे? मुंबईत ते चालून जाईल. आमच्याकडे देगलूर किंवा बिलोली तालुक्यातील हजार-दीड हजार वस्तीच्या गावात, जेथे मुकादमाने कोणाला किती उचल दिली हे पारावर तोंडपाठ असते, तेथे एवढ्या खुणा सांगितल्यावर नाव सांगणे शिल्लक राहत नाही. दिल्लीत बसून ओळख या गोष्टीची व्याख्या करणाऱ्यांना निजामाबादच्या सीमेवरचे खेडे डोळ्यांपुढे नसावे.

आणि 2025 च्या ज्या नोव्हेंबरात अमेरिकेत कागद उघडण्याचा कायदा झाला, त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यान्वये माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील जी दुरुस्ती 2023 साली मंजूर होऊन पडली होती ती अमलात आली. पूर्वी खासगी माहिती नाकारताना व्यापक लोकहित आहे काय हे त्याच पोटकलमात अधिकाऱ्यास पाहावे लागे. आता व्यक्तिगत माहिती म्हटली की नकार सरळ देता येतो, आणि लोकहिताचा दाखला दुसऱ्या पोटकलमातून अर्जदाराने उकरून काढायचा. छाप्यात सापडलेल्या इमारतीचा मालक कोण, ही कोणाची व्यक्तिगत माहिती? मला तर ती सार्वजनिक आरोग्याइतकी सार्वजनिक वाटते. पण उत्तर काय येईल याचा अदमास वाचकांनीच करावा.

तेव्हा सरसकट उघडा किंवा सरसकट झाका, या दोन्ही घोषणा मला सारख्याच आळशी वाटतात. स्त्रीचे नाव, गाव, नातलग, तिच्या शरीराची तपासणी, तिची जबानी, ही पाने ती जिवंत असेतो तिची स्वतःची मालमत्ता समजावी आणि तिने मागितल्यास फी न घेता तिच्या हाती द्यावी. उलट निकाल, शिक्षा झालेल्यांची नावे, किती खटले साक्षीदार उलटल्यामुळे सुटले, कोणत्या ठाण्याने किती वर्षे दोषारोपपत्रच धाडले नाही, आणि अनैतिक व्यापाराच्या कायद्यातील कलम 18 अन्वये मॅजिस्ट्रेटने कोणती घरे बंद केली अथवा केली नाहीत, हे सर्व दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्याने छापून यावे. निर्दोष सुटलेल्याचे नाव मिरविण्याची मला हौस नाही. ज्याच्यावर काही शाबीत झाले नाही त्याला चव्हाट्यावर आणून न्याय होत नाही. एपस्टीनच्या कागदांत नुसता पत्ता सापडला म्हणून ज्यांना लोकांनी सुळावर चढविले त्यांत थोडेफार निरपराधही असतीलच.

घरमालकाविषयी मात्र आपल्या कायद्याने फार पूर्वीच निर्णय करून ठेवला आहे, आणि त्याकडे नांदेड-लातूरच्या संपादकांचे मी मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात अशी तरतूद आहे की, अमुक जागेत झडतीअंती वेश्याव्यवसाय आढळला असे वृत्त मालक राहतो त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले, तर त्यापुढे ती जागा तशीच वापरली गेल्यास मालकास ते ठाऊक होते असे न्यायालय गृहीत धरील, आणि ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडेल. म्हणजे बातमीत जागेचा पत्ता छापणे ही केवळ बातमीदारी नव्हे, तो कायद्याने मालकाला दिलेला इशारा आहे. तरी आपल्याकडची बातमी अमुक राज्यातील दोन तरुणींची सुटका, वय बावीस आणि चोवीस, अशी सुरू होते आणि शहरातील एका लॉजवर किंवा एका सदनिकेत अशी संपते. यापुढे बातमी लिहिताना वय आणि राज्य गाळावे, आणि गल्ली, इमारत व घर क्रमांक छापावा.